धम्मानंदभाऊ तार निवडतात

आमच्या शेजारच्या धम्मानंदभाऊंनी आयुष्यात एकच गोष्ट चटकन निवडली, ती म्हणजे बायको. असं ते स्वतः सांगतात. कांताबाईचं म्हणणं असं की तिलाही त्यांच्या आईनेच निवडलं होतं. हे नुसते सोबत पोहे खायला आले होते.

मला कांताबाईचं खरं वाटतं. प्रताप नगरात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत आणि या माणसाला मी साध्या चपला निवडताना पाहिलं आहे. त्यांच्या मुलीच्या, मेघाच्या लग्नाच्या वेळी आम्ही गांधीबागेत साड्या घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने गादीवर अख्खं दुकान उलगडून टाकलं. भाऊ प्रत्येक पदर उजेडात धरायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "हे छान आहे. पण ते बी छानच होतं." शेवटी दुकानदाराने हात जोडले, आणि कांताबाईने सगळ्यात आधी बाजूला काढून ठेवलेली साडी घेऊन आम्ही घरी आलो.

यात त्यांचा तरी काय दोष? जन्मभर नोकरी केली ती सबस्टेशनवर. वरून फोन आला की स्विच खाली करायचा, पुन्हा फोन आला की वर करायचा. स्वतःच्या मनाने काही ठरवणाऱ्याला तिथे मेमो मिळायचा. इतकी वर्षं अशी काढल्यावर माणूस निवृत्त होतो, पण फोनची वाट पाहणं काही सुटत नाही.

सावनेरला बदली होती त्या काळात भाऊ व्हायोलिन शिकले. कोणा ऑर्केस्ट्रावाल्याने शिकवलं आणि तो शिकवणी अर्धवट टाकून निघून गेला. उरलेलं अर्धं भाऊंनी कांताबाईच्या गाण्यामागे वाजवत वाजवत पुरं केलं. बरं वाजवायचे, हे मी मान्य करते. म्हणजे कांताबाई गात असताना बरं वाजवायचे. ती थांबली की ह्यांचा गज कोणत्या गावाला जाईल याचा नेम नसे.

आणि कांताबाई कशी गायची! बुद्धविहारातल्या आमच्या गाण्याच्या मंडळात मी मागे बसून ध्रुवपद ओढणाऱ्यांपैकी, त्यामुळे मला त्यातलं कळतं असा माझा दावा नाही. पण तिने पहिला सूर लावला की बाहेर चपला काढणारी माणसं तशीच एक चप्पल हातात घेऊन उभी राहायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिचा 'सा' असायचा काळी पाचचा. म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी. बायकांच्या आवाजालाही तो सूर चांगलाच वरचा, आणि कांताबाई तिथून आणखी वर चढायची. पेटी वाजवणाऱ्या गणपतरावांना अंधुक दिसतं, म्हणून भाऊंनी त्या पट्टीवर वीजवाल्यांकडे असते ती निळी चिकटपट्टी कापून लावली होती. बोट निळ्या तुकड्यावर ठेवलं की झालं, तो बाईंचा सूर. आमच्या विहारात घड्याळ बंद पडलेलं चालायचं, पण हा निळा तुकडा जागेवर पाहिजे.

मग कांताबाईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टर म्हणाले आवाज येईल हळूहळू. आलाही. पण जो गेला तो आला नाही, दुसराच आला. जाडसर, खालचा. वरच्या सुराकडे निघाला की मध्येच विरून जायचा आणि नुसती हवा बाहेर पडायची.

यावर आम्ही मंडळातल्या लोकांनी काय करावं? आम्ही फार समजूतदार माणसं. आम्ही ठरवलं की काही झालेलंच नाही. कोणी एक शब्द काढला नाही. गणपतराव पहिल्यासारखेच निळ्या तुकड्यावर बोट ठेवायचे, कारण तो बाईंचा सूर, आणि तो खाली आणणं म्हणजे बाईंचा अपमान. कांताबाई पहिली ओळ कशीबशी गायची, दुसऱ्या ओळीला खोकला आल्याचं करायची, आणि आम्ही मागच्या बायका जोरजोरात गाऊन ते झाकून टाकायचो. आम्हाला वाटायचं, किती जपतोय आपण हिला! पुढे ती माझ्या बाजूला येऊन बसायला लागली. मग गुडघे दुखतात म्हणून यायचीच बंद झाली. तिच्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं. रोज सकाळी ती मैदानाला चकरा मारायची, आणि मीच सोबत असायची.

तिचं गाणं थांबलं तसं भाऊंचं व्हायोलिनही खोक्यात बंद झालं. घर असं गप्प झालं की मला भिंतीपलीकडून त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायला लागल्या.

अशात एक दिवस भाऊंनी व्हायोला आणला.

मी म्हटलं, "नवीन व्हायोलिन का, भाऊ?"

"व्हायोलिन नाही, ताई. व्हायोला." आणि मग त्यांनी मला फाटकापाशी उन्हात उभं करून सगळं समजावलं. दिसायला तसाच, पण जरा मोठा. व्हायोलिन जिथे खाली संपतं, त्याच्याही खाली याची एक जाड तार जाते. आवाज भारदस्त. हे प्रवचन पुढे दूधवाल्याने ऐकलं, गॅसवाल्याने ऐकलं, सोसायटीच्या सेक्रेटरीने दोनदा ऐकलं. कोणी व्हायोलिन म्हटलं की भाऊ बोट वर करणारच.

"पण घेतला काहून?" मी विचारलं.

"सहजच. रिटायर माणसाले काही छंद पाहिजे ना."

सहजच म्हणे. ज्या माणसाने पडद्याचं कापड घ्यायला दिवाळीपासून होळीपर्यंत वेळ घेतला, त्याने सहज व्हायोला घेतला. कांताबाईचा आवाज व्हायोलिनच्या शेवटच्या तारेखाली गेला होता, आणि हा माणूस तिच्या मागोमाग खाली जायला वाद्य घेऊन आला होता. हे मला कळलं, दूधवाल्यालाही कळलं असेल. पण भाऊ बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. समजूतदारपणा आमच्या गल्लीत फार.

कांताबाईने ते वाद्य पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "अजून एक डबडं आलं घरात."

आता व्हायोलावर ज्या तारा आल्या होत्या त्या गंजक्या. नवीन घ्यायला हव्या होत्या. म्हणजे निवडायला हव्या होत्या. इथून पुढे आमच्या दोन्ही घरांचं स्वास्थ्य संपलं.

आधी ते सीताबर्डीवर एका दुकानात गेले. दुकानातला म्हणाला, "व्हायोलिन के लगा लो ना काका, सब सेम है." भाऊ घेऊन आले. तारा खुंटीपर्यंत पोचेनात. पण सबस्टेशनमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला दोन तारा जोडण्यात कसला कमीपणा? त्यांनी मोटरच्या वाइंडिंगची तांब्याची तार आणून रीतसर जोड मारला. पहिल्याच पिळाला तो जोड सुटला आणि तार सापासारखी उसळून ट्यूबलाइटला जाऊन बसली. ट्यूब बदलायलाही त्यांना आठवडा लागला, कारण पांढऱ्या उजेडाची घ्यावी की पिवळ्या, हे ठरत नव्हतं.

मग त्यांना इंटरनेट सापडलं. व्हायोलाच्या तारांवर जगभरातले लोक तिथे भांडत असतात हे कळल्यावर भाऊंचा चेहरा असा उजळला की जणू माहेरचं माणूस भेटलं. एक जण लिहितो, या तारेचा आवाज गडद आहे. दुसरा म्हणतो, उबदार. तिसऱ्याला तीच तार गोड वाटते, पण शेवटी किंचित तुरट लागते. भाऊ हे सगळं मला कुंपणावरून वाचून दाखवायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, तारा आहेत का आवळे?" ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, याच्यात लय विचार आहे."

विचार असा होता की तारा तीन जातीच्या. एक निव्वळ पोलादाची. दुसरी आत कृत्रिम धाग्याची, वरून धातू गुंडाळलेला. तिसरी आतड्याची. खरोखरच्या जनावराच्या आतड्याची. जाणकारांच्या मते तिच्यासारखा आवाज नाही. झालं, भाऊ धर्मसंकटात सापडले. पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिहिंसेविरुद्ध, आणि आपण विहारात आतड्याची तार वाजवायची? दर रविवारी सकाळी पिशवी घेऊन मटणाच्या रांगेत सगळ्यात पुढे उभा राहणारा हा माणूस चार दिवस या चिंतेत जेवला नाही. म्हणजे कमी जेवला. शेवटी त्या तारा परदेशातून यायला फार दिवस लागतील असं कळलं, आणि शील सुखरूप राहिलं.

पुण्याहून मेघाने कंटाळून दोन सेट पाठवून दिले, एक पोलादी आणि एक धाग्याचा. फोनवर म्हणाली, "बाबा, दोन्ही लावून बघा आणि जो आवडेल तो ठेवा." पोरीला बापाची काहीच माहिती नाही असं म्हणायचं.

भाऊंनी पोलादी सेट चढवला. भिंतीपलीकडून जो आवाज आला त्याने माझी मांजर पलंगाखाली गेली. जाड तार ओरडत होती, बारीक तार किंचाळत होती. दोन दिवसांनी पोलादी उतरवून धाग्याचा चढवला. तो किंचाळला नाही, गळा दाबल्यासारखा घुसमटला. पुन्हा पोलादी. त्यातली बारीक तार तुटली आणि भाऊंच्या हनुवटीवर वळ उठला. मेघाकडून नवी तार मागवली. पुन्हा धाग्याचा सेट. होळी गेली, उन्हं तापली, कूलर लागले, विहारात बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाची बोलणी सुरू झाली, आणि यांचं आपलं हे चढव, ते उतरव.

मला राग यायचा. आवाजाचा नाही, भाऊंचा. कारण मंडळाच्या सेक्रेटरीने मला विचारलं होतं, यंदा बाई गाणार आहेत का, नाहीतर आम्ही दुसऱ्या गायन पार्टीला सांगतो. मी कांताबाईला विचारलं. ती म्हणाली, "मी कोनाच्या भरवशावर गाऊ? पेटी वर, मी खाली. माह्या सोबत कोनी नाही." आणि भिंतीपलीकडे हा माणूस तार गोड की तुरट याचा विचार करत बसला होता. पौर्णिमा हातातून गेली असती तर ती पुन्हा कधी तोंड उघडून गायली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या पार्टीला एकदा जागा दिली की ती परत मिळत नसते, आणि कांताबाई मागणारी बाई नव्हती.

मग एका दुपारी वीज गेली. निवृत्त वीजवाल्याच्या घरी वीज गेली की एरवी मला बरं वाटतं, पण त्या दिवशी मी त्यांच्याच स्वयंपाकघरात कांताबाईसोबत कुरडया डब्यात भरत बसले होते. कूलर बंद पडला. कूलरच्या घरघरीत इतके दिवस जे अर्धवट ऐकू यायचं ते एकदम स्वच्छ ऐकू आलं. बाहेरच्या खोलीत भाऊ पोलादी सेट लावून खुंटी पिळत होते. तार वर, आणखी वर.

कांताबाईचा हात डब्यात तसाच राहिला. ती कान देऊन ऐकत होती. मग उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. हातातली कुरडई तशीच घेऊन मीही तिच्या मागे गेले.

"हे कोनत्या सुरात लावून राहिले जी तुम्ही?"

भाऊ दचकले. "काळी पाच."

"काहून?"

"काहून म्हणजे... तुयाच सूर आहे ना तो."

मी कपाळाला हात लावला. आता कळलं त्या तारा का किंचाळत होत्या! ज्या वाद्याचा जन्मच खाली वाजण्यासाठी, ते हा माणूस इतके महिने वर, वर ताणत होता. कांताबाईसाठी खालचं वाद्य आणलं आणि बसवलं कांताबाईच्या जुन्या सुरात. व्हायोलाने किंचाळू नये तर काय करावं? पोलादाच्या तारा वाईट नव्हत्या, धाग्याच्या वाईट नव्हत्या. जगातल्या कोणत्याच तारा या माणसाला आवडल्या नसत्या. नवा सूर लावायचा तर तो आधी तिला विचारावा लागला असता, आणि विचारणं म्हणजे तुझा आवाज गेला असं तोंडावर म्हणणं. ते त्यांच्याच्याने होईना, म्हणून ते तारा बदलत बसले.

"काळी पाचमध्ये मी आता गाऊ शकतो का?" कांताबाईने विचारलं. आमच्याकडच्या बाया 'गातो'च म्हणतात.

भाऊ गजाला राळ घासायला लागले, जशी काही राळेनेच अब्रू वाचणार होती.

"सांगा ना. तुमाले ठाव नाही का?"

"ठाव आहे," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "मले वाटलं, मी खाली लावलं तं तुले वाईट वाटन."

"वाईट तं मले रोजच वाटते. तुमी सारे मुके होऊन बसले, त्याचं जास्त वाटते."

सारे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला ते बरोबर लागलं. लागायलाच हवं होतं.

ती भाऊंसमोर खाली बसली, डोळे मिटले आणि नुसता 'सा' लावला. खालचा, जाडसर, जरासा खरखरीत. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज त्या घरात असा उघडा ऐकला. "हे घ्या. इथं आना."

भाऊंनी खुंटी सोडायला सुरुवात केली.

"अजून खाली."

"अजून?"

"अजून. आता थांबा."

पेटीच्या हिशेबाने तो सूर पांढरी चारचा निघाला. त्याच्या खालचा पंचम आता व्हायोलाच्या सगळ्यात जाड तारेवर अलगद येऊन बसला. पण पोलादी सेट इतका ढिला पडल्यावर बरणीतल्या खिळ्यांसारखा खडखडायला लागला. कांताबाईने मान हलवली. "दुसऱ्या लावा."

धाग्याचा सेट चढला. भाऊंनी गज ठेवला. मी आधी सांगितलंय, मला त्यातलं काही कळत नाही. पण तो आवाज खोलीभर असा पसरला की मी कुरडई हातात घेऊन उभी होते ती तशीच राहिले. ना किंचाळणं, ना घुसमट. कांताबाई त्यात गुणगुणायला लागली तेव्हा तिचा आवाज कुठे संपतो आणि तारेचा कुठे सुरू होतो ते मला समजेना.

"याच राहू द्या," ती म्हणाली. झाली निवड. पापणी लवायच्या आत.

भाऊंनी जरा वेळ त्या तारांकडे पाहिलं, मग पोलादी पाकिटाकडे पाहिलं. "त्या बी एक डाव जरा..."

"नाही!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

पौर्णिमेला विहार भरला होता. बाई गाणार हे कळल्यामुळे गर्दी जास्तच. आम्ही मागच्या बायका पुन्हा सगळं झाकून टाकायच्या तयारीने, घसा साफ करून बसलो होतो. सवय लवकर जात नाही. गणपतरावांनी भाता उघडला आणि बोट सरळ निळ्या तुकड्यावर नेलं.

कांताबाईने हात पुढे करून पेटी थांबवली. "गणपतराव, हे काढा आता."

"राहू द्या ना बाई," गणपतराव कळवळून म्हणाले. "तुमचा सूर आहे तो."

"होता," ती म्हणाली आणि नखाने तो तुकडा खरवडून काढला. त्याखाली पट्टीवर चिकट डाग पडलेला होता. तोच तुकडा तिने खाली, पांढरी चारवर चिकटवला. जुनाच तो, नीट चिकटेना, म्हणून अंगठ्याने दाबून धरला. सगळा विहार बघत होता. माझे डोळे भरून आले, आणि मला कोणी पाहिलं तरी चालेल असं वाटलं.

मग ती गायली. पहिल्या ओळीला आवाज थोडा हलला. व्हायोला खालून आला आणि त्याने तो सावरला. दुसऱ्या ओळीला ती खोकली नाही. चप्पल हातात घेऊन कोणी उभं राहिलं नाही, आता तो आवाज तसा नव्हता. पण ज्यांना बसायला जागा मिळाली नव्हती ते भिंतीला टेकले आणि गाणं संपेपर्यंत कोणी हललं नाही. आम्ही मागच्या बायका आमचं ध्रुवपद गायचंच विसरलो, त्यामुळे ते आणखी चांगलं झालं.

शेवटी मंडळाच्या सेक्रेटरीने माईक घेतला. "कांताबाईंना व्हायोलिनवर साथ दिली, आपले धम्मानंदभाऊ यांनी."

भाऊ लगेच बोट वर करून उठायला लागले. मी मनात म्हटलं, झालं, आता विहारात प्रवचन. पण त्यांच्या आधी कांताबाईने माईक ओढून घेतला.

"व्हायोलिन नोहे जी, व्हायोला आहे तो," ती म्हणाली. "माहा आवाज खाली गेला. आता तो वर येत नाही. म्हणून हे खाली आले."

आणि माईक परत देऊन ती पाणी प्यायला लागली. भाऊ अर्धे उठलेले तसेच राहिले, बोट वर, आणि बसावं की उभं राहावं ते काही केल्या त्यांना ठरवता येईना.